स्प्रिंग कॉम्प्रेसर कोण निवडतं?

मंडळी, आज जरा भांडायला बसलोय, तेव्हा आधीच सांगून ठेवतो. भांडण गॅरेजवाल्यांशी नाही. तुमच्याशी आहे. म्हणजे आपल्यासारख्या, गाडी इमारतीखाली लावणाऱ्या, हप्ते फेडणाऱ्या, आणि गॅरेजचं बिल हातात आलं की 'मजुरी जरा जास्त लावलीस' असं न चुकता म्हणणाऱ्या माणसांशी.

गाडीचे पुढचे शॉकॲब बदलताना त्यावरची स्प्रिंग दाबून धरायला एक हत्यार लागतं. त्याला स्प्रिंग कॉम्प्रेसर म्हणतात. आपल्या भागातल्या, म्हणजे गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातल्या गल्लीबोळांतल्या गॅरेजांत हे हत्यार बहुतेक वेळा एक तर नसतंच, किंवा असतं ते असून नसल्यासारखं. आणि माझं म्हणणं असं की ते कसलं असावं हे गॅरेजवाला ठरवत नाही, आपण ठरवतो. बिलावर दोनशे रुपये कमी करून घेतो ना, तेव्हा ठरवतो.

पटलं नाही? ठीक आहे. जरा खोलात जाऊ.

पावसाळा संपला की आपल्याकडे एक मोसम येतो. दिवाळीच्या आगेमागे ज्याला त्याला वाटायला लागतं की गाडी पुढून खडखडतेय. वाटणारच. हिंदमाताच्या पाण्याखाली काय आहे हे पाणी असेपर्यंत कळत नाही, पेव्हर ब्लॉक एकेक करून उखडलेले असतात, आणि गिरगावात तर मेट्रोसाठी २०१७ पासून कित्येक वर्षं रस्ता कमी आणि पत्रेच जास्त होते. शॉकॲब बसतात, टॉप माउंटिंगचं रबर फाटतं, क्वचित स्प्रिंगच तुटते. मग आपण गाडी 'आपल्या' माणसाकडे टाकतो आणि संध्याकाळी घेऊन येतो. मधल्या वेळात तिथे काय होतं ते आपण बघत नाही.

तर काय होतं ते सांगतो. हल्लीच्या जवळजवळ सगळ्या लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन नावाचा अमेरिकन इंजिनियर होता. त्याने ही रचना १९४०च्या दशकात बेतली, आणि १९५०च्या फोर्ड कॉन्सलपासून ती स्वस्त गाड्यांत रुळली. शॉकॲब आणि स्प्रिंग एकाच खांबावर, एकात एक. जागा कमी, सुटे भाग कमी, म्हणून किंमत कमी. आपल्याकडे १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली ती हा खांब घेऊनच. त्याआधीची आपली लाडकी पद्मिनी वेगळी होती. पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. अशा रचनेत खालच्या विशबोनला जॅक लावायचा, सांधा सोडवायचा आणि जॅक हळूहळू खाली घ्यायचा, की बऱ्याचदा स्प्रिंग आपला ताण सोडत बाहेर येते. तेही काम धोक्याचंच, पण जॅक हेच हत्यार. मुंबईच्या टॅक्सीच्या धंद्यावर हात बसलेल्या जुन्या मेकॅनिकांची सगळी हयात त्या रचनेत गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची, वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात पेपरांतून, फेसबुकवरून अश्रूंचा पूर आला होता. मीही दोन ओळी लिहिल्या होत्या. पण गाडी बदलली तरी हत्यारांची पेटी तीच राहिली, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

कारण स्ट्रटचं गणित निराळं आहे. स्ट्रट गाडीतून काढून जमिनीवर ठेवला तरी त्यातली स्प्रिंग दाबलेलीच असते. तिला धरून ठेवलेलं असतं एका नटाने. वरच्या माउंटिंगच्या मधोमध असतो तो. बाजूचे दोन-तीन नट गाडीच्या पत्र्याला धरतात, मधला नट स्प्रिंगला. नवा शॉकॲब घालायचा तर मधला नट काढावाच लागतो, आणि तो काढायच्या आधी स्प्रिंग इतकी दाबावी लागते की ती वरच्या ताटलीपासून मोकळी होऊन हाताने हलली पाहिजे. ती हलत नसेल तर नटाला हात लावायचा नाही. एवढा एकच नियम आहे, आणि तो पाळायला कॉम्प्रेसर लागतो.

न पाळला तर काय होतं? शाळेतलं गणित करू. लहान गाडीची एक स्प्रिंग धरा. एक मिलिमीटर दाबायला साधारण दोन किलोचं वजन लागतं असं समजा. ती दीडशे मिलिमीटर, म्हणजे सुमारे सहा इंच, दाबली की तिच्यात तीनशे किलोचा जोर साठतो. त्यातली ऊर्जा होते सव्वादोनशे ज्यूल. म्हणजे दहा किलोचा गव्हाचा डबा साडेसात फुटांवरून पायावर पडावा तितकी. किंवा असं बघा, ही सगळी ऊर्जा एक किलोच्या लोखंडी तुकड्याला मिळाली तर तो ताशी पंचाहत्तर किलोमीटरच्या वेगाने निघेल. आणि मधला नट सोडवणाऱ्याचं तोंड कुठे असतं? बरोब्बर वर, वाकलेलं. नट दिसायला पाहिजे ना.

आता गल्लीत हे कसं करतात. मी पाहिलेले प्रकार सांगतो, ऐकीव नाही. पहिला प्रकार दोरी किंवा तार. गाडी जमिनीवर असताना तिच्या वजनाने स्प्रिंग दबलेली असते, तेव्हाच दोन ठिकाणी तारेने किंवा साखळीने करकचून बांधायची आणि मग स्ट्रट काढायचा. दुसरा, एकाने पाय देऊन पाइपाने दाबायचं आणि दुसऱ्याने नट सोडवायचा. तिसरा सगळ्यांत शूरांचा. स्ट्रट आडवा ठेवायचा, तोंड भिंतीकडे करायचं, 'हटो हटो' म्हणायचं आणि नट बंदुकीने उडवायचा. स्प्रिंग धाडकन भिंतीवर. टाळ्या. चौथा प्रकार त्यातल्या त्यात सभ्य. आकड्यांचा कॉम्प्रेसर आहे, पण जोडीतला एकच शाबूत आहे, दुसऱ्याच्या जागी तार.

हे चालतं ते कुठे? लोअर परळला पश्चिम रेल्वेचा कारखाना आहे. तिथे डबे उघडून पुन्हा बांधतात. डब्याच्या बोगीतल्या स्प्रिंगा तिथे यंत्रावर ठरावीक वजनाखाली दाबून बघतात, किती उंची भरते ते मोजतात, त्यावरून त्यांचे गट पाडतात, आणि गट ओळखू यावा म्हणून रंगाचा पट्टा मारतात. एका बोगीत वेगवेगळ्या गटांच्या स्प्रिंगा बसवायच्या नाहीत असा दंडक आहे. त्या कारखान्याच्या भिंतीपासून चालत दहा मिनिटांवर त्याच जातीची, फक्त लहान वस्तू तारेने बांधून गुडघ्यात धरलेली असते. स्प्रिंग दाबायची कशी हे ज्ञान या गावात नाही असं कोणी म्हणू नये. शंभराहून जास्त वर्षं ते इथेच आहे. पण कंपाउंडच्या आत.

लालबागला मी ज्या गॅरेजात जातो (नाव सांगणार नाही, माणूस चांगला आहे), तिथल्या एका पोऱ्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट वरच्या पेराशी संपतं. मी विचारलं तेव्हा तो हसला. 'कुछ नहीं सेठ, स्प्रिंग में आ गया था.' स्प्रिंग मध्ये आली होती असं नाही म्हणाला, बोट स्प्रिंगमध्ये आलं म्हणाला. जणू चूक बोटाची. डावीकडचा तरुण त्याला म्हणाला, 'अबे तेरा तो बच गया.' आणि दोघं पुन्हा कामाला लागले. कोणाची गाडी होती तेव्हा, हे त्या दोघांनाही आठवत नव्हतं. गाडीच्या मालकाला तर कळलंही नसेल. त्याला संध्याकाळी गाडी मिळाली असेल, बहुधा जरा उशिरा, आणि त्याने उशिराबद्दल कटकट केली असेल.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. 'अहो, तो वीस वर्षं असंच करतोय, काही झालं नाही त्याला.' हा आक्षेप मी स्वतःच्या काकांकडून, शेजाऱ्यांकडून आणि एका चांगल्या शिकलेल्या मित्राकडून ऐकलाय. बरोबर आहे, त्याला काही झालं नाही. म्हणूनच तो वीस वर्षांनंतर तुमच्यासमोर उभा आहे. ज्याला झालं तो गावी गेला. जबडा मोडलेला माणूस पान्हा घेऊन तुम्हाला 'मला झालं होतं हो' असं सांगायला गॅरेजात थांबत नाही. शिवाय या कामात चूक दरवेळी होत नाही, हाच तर घोळ आहे. दहातल्या पाच वेळा झाली असती तर सगळ्यांनी केव्हाच नीट हत्यार घेतलं असतं.

दुसरा आक्षेप, 'गरीब माणूस, त्याला कुठून परवडणार?' हा आक्षेप मला जास्त चीड आणतो, कारण तो दयेचा झगा घालून येतो. त्याच गॅरेजात जाऊन बघा. गाडीच्या कॉम्प्युटरला लावायचा स्कॅनर असतो. फेसाचा फवारा मारणारी बंदूक असते. इंजिनातलं काहीतरी 'क्लीन' करणारं दिव्यांचं यंत्र असतं. ही सगळी त्याच माणसाने स्वतःच्या खिशातून घेतलीत. का? कारण ती गिऱ्हाइकाला दिसतात, आणि दिसतात म्हणून त्यांचे पैसे मिळतात. स्कॅनर लावला की आपण मुकाट पाचशे देतो. आणि स्प्रिंग कशाने दाबली याचे पैसे? तो मुद्दाच बिलात नसतो. मग तो ज्याचे पैसे मिळतात ते घेतो. शहाणा धंदेवाला आहे, वेडा नाही.

मध्यंतरी आमच्या डोंबिवलीच्या भाच्याने फोन केला. (भाचेबुवा, वाचत असशील तर राग मानू नकोस.) 'मामा, मी स्वतःच करणार स्ट्रटचं काम. व्हिडिओ बघितलेत. ऑनलाइन स्प्रिंग कॉम्प्रेसरची जोडी मिळतेय, हजार-बाराशेला, साडेचार तारे आहेत. घेऊ?' मी म्हटलं, 'तारे कोणी दिलेत ते बघ. वस्तू मिळाल्याच्या दिवशी दिलेले तारे असतात ते, पॅकिंग छान म्हणून.' तो म्हणाला, 'पण हेवी ड्युटी लिहिलंय.' आता हेवी ड्युटी हे आपल्याकडे चपलेवरही लिहितात.

तरी त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर टंकतो, कारण अशी विचारणा करणारे आणखी आहेत, आणि तुमच्या गॅरेजवाल्याशी बोलतानाही हेच उपयोगी पडेल.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा प्रकार म्हणजे आकड्यांची जोडी. एकेक लांब आटे पाडलेला दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना वाघनखासारखे आकडे. स्प्रिंगच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना एकेक लावायचा आणि पान्ह्याने आळीपाळीने आवळत जायचं. दोन-तीन फेरे इकडे, मग तितकेच तिकडे. हा प्रकार मुळात वाईट नाही, पण यातच भेसळ जास्त. नागदेवीला हत्यारांच्या गल्लीत उभं राहून जोडी हातात घेतलीत तर सर्वांत आधी बघायचं की आकड्याला खिटी आहे का. आकडा तारेवर बसल्यावर ती खिटी आडवी जाते आणि स्प्रिंगची तार आकड्याबाहेर सटकू शकत नाही. खिटी नसेल तर परत ठेवा. दुकानदार म्हणेल, 'साहेब, सगळे हेच नेतात.' नेत असतील.

मग आकडा बघा. घडीव आहे की ओतीव, की नुसती पट्टी वाकवून केलाय? पट्टीचा असेल तर विषय संपला. ओतीव असेल तर त्यावर साच्याची रेघ दिसते, खडबडीत असतो. घडीव आकडा भरीव, गुळगुळीत आणि हाताला जड लागतो. त्याची खोबण स्प्रिंगच्या तारेच्या जाडीला बसते का हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून तुटकी जुनी स्प्रिंग सोबत न्या. लोक हसतील, हसू द्या. दांड्याचे आटे बारीक आणि धारदार असतील तर चार कामांत झिजतात. रुंद, चपट्या माथ्याचे आटे जास्त टिकतात. नट लांब हवा, चिंचोक्याएवढा नको. आणि किती वजनापर्यंत चालेल हे हत्यारावरच ठोकलेलं असावं, बनवणाऱ्याच्या नावासकट. खोक्यावर छापलेलं धरू नका. ज्याला आपलं नाव लोखंडावर ठोकायची लाज वाटते त्याच्या भरवशावर तोंड पुढे करायचं का, हा साधा प्रश्न आहे. नाशिकच्या टापारियाचा पाना घेताना आपण नाव बघतोच ना? मग इथे का नाही?

या जोडीचे दोष खिटी असूनही उरतातच. दोन दांडे बरोबर समोरासमोर नसले किंवा एक जास्त आवळला गेला की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते. वरून निमुळती किंवा मध्ये फुगीर स्प्रिंग असेल तर आकडे गोल सरकत एका बाजूला येतात. तारेवर प्लॅस्टिकची नळी चढवलेली असेल तर आणखीच. आणि बंदुकीने म्हणजे इम्पॅक्ट गनने आवळलं की आटे तापतात, चावतात, आणि अडकतात ते नेमके अर्ध्यावर. अर्धी दाबलेली, पुढे जात नाही आणि मागेही येत नाही अशी स्प्रिंग कोणी पाहिली नसेल तर नशीबवान आहात. म्हणून हातानेच आवळायचं आणि आट्यांना ग्रीस लावायचं. आणि दाबलेली स्प्रिंग तशीच ठेवून जेवायला जायचं नाही.

याच्या पुढचा प्रकार ताटल्यांचा. मधे एकच जाड स्क्रू, आणि वर-खाली अर्धगोल जबडे, ते वेटोळ्याला चांगलं रुंद पकडतात. यात वाकायची, सरकायची भानगड बरीच कमी. अडचण ही की स्प्रिंगच्या व्यासाप्रमाणे जबडे बदलावे लागतात, म्हणजे संच घ्यावा लागतो. घरच्या एका गाडीसाठी हे जास्त होतं, पण रोज काम करणाऱ्याला हरकत नाही.

आणि गॅरेजला खरं शोभणारा प्रकार म्हणजे भिंतीला किंवा टेबलाला बोल्टने पक्का केलेला उभा कॉम्प्रेसर. स्ट्रट त्यात उभा राहतो, वरून-खालून पकडला जातो, बाजूला उभं राहून हँडल फिरवायचं किंवा जॅकसारखा दांडा मारायचा. सुटलीच तरी ती चौकटीत अडते, समोर तोंड नसतं. किंमत आकड्यांच्या जोडीच्या कित्येक पट. पण तो दहा-पंधरा वर्षं टिकतो आणि त्यावर दिवसाला दोन गाड्या होतात. हिशेब तुम्हीच करा.

भाच्याला म्हटलं, यातलं काही परवडत नसेल तर तू फक्त स्ट्रट गाडीतून उतरव. मधल्या नटाला हात लावू नकोस. उतरवलेला स्ट्रट पिशवीत घालून उभा कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजात ने, तो पंधरा-वीस मिनिटांत बदलून देईल. मागच्या चाकांची गोष्ट वेगळी. बऱ्याच लहान गाड्यांत तिथे स्प्रिंग आणि शॉकॲब अलग असतात, ॲक्सल जॅकवर हळू खाली सोडला की स्प्रिंग मोकळी होते. तो जरासा हिरमुसला. त्याला स्वतः करायचं होतं. मला त्याचं कौतुकच आहे, आमच्या घराण्यात फ्यूज बदलायलाही माणूस बोलावतात.

आता मूळ भांडणाकडे. आपल्याला 'जुगाड' या शब्दाचं भारी प्रेम. २०१२मध्ये 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं इंग्रजी पुस्तक आलं आणि तेव्हापासून तर व्यवस्थापनाच्या वर्गातही जुगाड शिकवायला लागले. तारेने बांधलेल्या स्प्रिंगचा व्हिडिओ कोणीतरी फॅमिली ग्रुपवर टाकतं, खाली अंगठे, 'इंडियन टॅलेंट!' माझा प्रश्न एवढाच आहे की हे टॅलेंट आपण कधी स्वतःच्या दातांवर लावून बघितलंय का? तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन करणाऱ्याने तार वापरली तर त्याला तुम्ही काय म्हणाल? जुगाडाचं कौतुक करणारा नेहमी स्प्रिंगच्या बारा फूट लांब असतो, आणि मोबाइल आडवा धरून असतो.

गंमत म्हणजे हा परिसर असा नव्हता. परळ-लालबागला आमच्या आधीच्या पिढीतले गिरणीतले फिटर सांगायचे, टूलरूमच्या खिडकीत आपला पितळी बिल्ला द्यायचा तेव्हा हत्यार हातात मिळायचं, आणि परत केलं की बिल्ला परत. हत्यार कोणाचं, कोणत्या स्थितीत दिलं, सगळ्याला जाब होता. गिरण्या काही स्वर्ग नव्हत्या, अपघात तिथेही व्हायचे, पण निदान विचारणारा कोणीतरी होता. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि त्यांतली बरीचशी पुन्हा आत गेलीच नाहीत. हातात कसब असलेल्यांनी मिळेल तिथे पान्हे घेतले, पोरांनाही तेच शिकवलं. कसब फुटपाथवर आलं, टूलरूमची खिडकी मात्र आली नाही. १९४८च्या कारखाना कायद्याची मूळ व्याख्या विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार मोजायची. गल्लीतल्या चार माणसांच्या गॅरेजाचं तिथे कधी नावच लागलं नाही. इन्स्पेक्टर यायचा तो गाड्या फुटपाथवर का लावल्यात हे विचारायला.

आणि त्या चार माणसांत एखादा तरी 'छोटू' असतो. बालकामगारांसाठीच्या १९८६च्या कायद्याच्या मनाई केलेल्या कामांच्या यादीत मोटार गॅरेजचं नाव पुढे घातलं गेलं. २०१६च्या दुरुस्तीनंतर तर घरच्या धंद्यातली मदत वगैरे अपवाद सोडले तर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवताच येत नाही. हे आपल्याला माहीत नसतं असं नाही. आपण त्याला 'बाळा, पाणी आण' म्हणतो, तो आणतो. स्प्रिंगवर पाय द्यायलाही बऱ्याचदा तोच असतो, कारण मोठ्यांचे हात पान्ह्यावर गुंतलेले असतात. त्याचं वय विचारा कधी. उत्तर नेहमी 'अठरा' येतं, मिसरूड फुटलेलं नसतं तरी.

म्हणून मी आता काय करतो ते सांगतो. गाडी टाकायच्या आधी म्हणतो, 'स्प्रिंग कशाने दाबणार ते दाखव.' पहिल्यांदा लालबागचे आमचे उस्ताद चिडले. इतक्या वर्षांची ओळख आणि आता हत्यार तपासता? मी म्हटलं, तुमच्यावर अविश्वास नाही, पण दोन्ही बाजूंचे मिळून चारशे रुपये मजुरीवर जास्त देतो, बिलात वेगळी ओळ घाला, 'स्प्रिंग कॉम्प्रेसर'. ओळ दिसली पाहिजे. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, आजपर्यंत कोणी गिऱ्हाइकाने मजुरी वाढवून दिली नाही, तुम्हाला बरं आहे ना? पुढच्या खेपेस गेलो तेव्हा खिटीवाली जोडी आली होती. उभा कॉम्प्रेसर नाही. त्यासाठी जागाही नाही म्हणतात, आणि ते खरंय, त्यांचं अर्धं गॅरेज महापालिकेच्या गटारावर आहे.

त्यावर माझ्या डोक्यात एक आलं. आपण वर्गणीवाली माणसं. १८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला तेव्हापासून वर्गणी काढण्यात आपला हात कोणी धरलेला नाही. मांडवाला, रोषणाईला, ढोलपथकाला पैसे निघतात. मग ज्या गॅरेजात आख्ख्या इमारतीच्या गाड्या जातात तिथे एक भिंतीचा कॉम्प्रेसर वर्गणीतून का लावू नये? भिंत आमच्या इमारतीची द्यायची, मागच्या बाजूची, जिथे नाहीतरी मोडक्या सायकली पडल्यात. मी आमच्याकडे विचारून बघितलं. सोळा गाड्या आहेत. हजार-हजार रुपये काढायचे होते. अकरा जण हो म्हणाले. चौघे म्हणाले बघू, आधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये येऊ दे. आणि एकाने विचारलं, वर्गणी दिलेल्यांना मजुरीत किती टक्के सूट मिळेल?